उन्हाळ्याचं परडं

दासगावातून बोलते आहे.

बचत गटांची समन्वयक म्हणून माझं रोजचं काम म्हणजे वह्या, हप्ते आणि बँकेचे कागद. पण जानेवारी सरत आला की कुठल्याही वाडीतली बैठक घ्या, हप्त्यांचं बोलणं संपायच्या आत बियांचं बोलणं सुरू होतं. कुणाकडे पडवळाचं बी आहे, कुणाची काकडी गेल्या वर्षी गोड निघाली, कुणाच्या भेंडीला मावा पडला. अध्यक्षबाई वही मिटून बाजूला ठेवतात आणि कुणीतरी पदराची गाठ सोडते. त्या गाठीत बी असतं.

या खेपेला मला इतिहासावर बोला म्हणून सांगितलंय. आपल्या भागात इतिहास म्हटलं की रायगड, चवदार तळं, गांधारपाल्याची लेणी. ते सगळं आजच्या बोलण्यात येणार आहे, पण मागच्या दाराने येणार आहे. कारण मी बोलणार आहे आपल्या घरामागच्या परड्याबद्दल, आणि त्यातही उन्हाळ्याच्या परड्याबद्दल.

पावसाळ्यातलं परडं सोपं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला मुलूख. जूनमध्ये बी टाकलं, वेलाला मांडव दिला, की कारली, दोडकी, पडवळं आपोआप लोंबायला लागतात. खरी परीक्षा होळीनंतर. जमीन दगडासारखी होते, विहिरीचा तळ दिसतो, आणि पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत लोक टँकरची वाट बघत बसतात. त्या दिवसांत जिच्या परड्यात हिरवा माठ आणि चवळीच्या शेंगा दिसतात, ती बाई गावात वेगळीच समजली जाते. उगीच नाही समजली जात.

जुन्या सरकारी दप्तरांत भात सापडतं, नाचणी-वरी सापडते, माडाची आणि पोफळीची झाडं सापडतात. ज्याच्यावर सारा बसतो ते लिहिलं जातं. घरामागच्या चार वाफ्यांवर सारा नाही, त्यामुळे ते कागदावर नाहीत. आजही सातबारा उघडून बघा, भात दिसेल. न्हाणीमागचं अळू दिसणार नाही. त्याच अळूवर कित्येक घरांनी महिन्यातले आठ दिवस काढलेले असतात.

पण एका जुन्या लेखात हे परडं अगदी स्पष्ट येतं, आणि गंमत म्हणजे तो लेख राज्य कसं चालवावं याबद्दलचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. हे रामचंद्रपंत म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारातले अमात्य. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा ते तरुण होते. पुढे त्यांनी संभाजी महाराजांचा, राजाराम महाराजांचा, ताराराणींचा काळ पाहिला आणि म्हातारपणी, १७१५ च्या सुमाराला, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या वेळी, हे आज्ञापत्र लिहिलं. त्यात किल्ल्यांबद्दल मोठं प्रकरण आहे. तट कसा बांधावा, दारूगोळा कसा ठेवावा, हवालदार कसा असावा. आणि त्याच्यातच केराबद्दलही हुकूम आहे. गडावर वाटांवर, बाजारात, तटाजवळ केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली फेकू नये, तो जागच्या जागी जाळावा, आणि ती राख परसात घालून घरोघर होईल तो भाजीपाला करवावा.

मी हे पहिल्यांदा बी.ए.ला असताना वाचलं, तेव्हा वाचून पुढे गेले. आता गटांचं काम करताना त्याचा अर्थ कळतो. गडाला वेढा पडला की बाजार बंद. कोठारात धान्य असतं, मीठ असतं, तूपही असतं. हिरवी भाजी कोठारात ठेवता येत नाही. ती घरामागेच असावी लागते. तोफांचा आणि तटांचा विचार करणाऱ्या माणसाने परसातल्या भाजीला राज्यकारभारात जागा दिली. त्या हुकुमात बाईचं नाव नाही. पण चुलीतली राख ओंजळीत घेऊन वाफ्यावर कोण टाकत असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

राखेचं शहाणपण आपल्या मातीला तर फारच लागू. आपली लाल जांभी माती आंबट स्वभावाची असते. इतका पाऊस कोसळतो की मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात. लाकडाची राख टाकली की आंबटपणा कमी होतो आणि झाडाला पालाश मिळतो, ज्याने फळ चांगलं धरतं. शिवाय सकाळी दंव असताना पानावर राख भुरभुरली की मावा कमी होतो. एक मात्र बघा. अमात्यांच्या काळात केरात पालापाचोळा असायचा, आज केरात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. ती राख परड्यात नको. चुलीची, लाकडाची, गोवऱ्यांची राख तेवढी घ्या, आणि मूठ मूठ घ्या. घमेलंभर ओतली तर माती उलट बिघडते.

त्याच आज्ञापत्रात पाण्याबद्दलही आहे. किल्ला बांधायच्या आधी तिथे पाणी बघावं, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, आणि एका झऱ्यावर कधी विसंबू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून पाणी साठवून ठेवावं, असंही कारण दिलं आहे. पाण्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी भाजीकडे. आपण ज्याला "आपली गावठी भाजी" म्हणतो, त्यातली किती खरोखर इथली? वांगी, काकडी, कारली, पडवळ, दोडकी, तोंडली, शेवगा ही आपल्याच देशातली, हजारो वर्षांची. अळू पूर्वेकडून आलं. भेंडी, चवळी, कलिंगड ही मूळ आफ्रिकेतली, पण इतक्या जुन्या काळी आली की आता ती पाहुणी वाटत नाहीत. आणि मिरची? मिरची नव्हतीच. लाल भोपळा, टोमॅटो, बटाटा, रताळं, फरसबी, पपई, पेरू, काजू यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, आणि १५२१ साली आपल्याच जिल्ह्यात चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला सुरुवात केली. त्यांच्या जहाजांतून ही झाडं किनाऱ्यावर उतरली आणि खाड्यांतून वर सरकली. तोवर आपल्या आमटीला तिखटपणा यायचा तो मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. नावातच तिचा पत्ता सापडतो.

मला या इतिहासात एक गोष्ट फार आवडते. ही नवी झाडं इथे रुजवली कुणी? कुठल्या राजाने मिरची लावा म्हणून फर्मान काढलेलं नाही. बंदरावर कुणी काहीतरी नवं खाल्लं, त्याचं बी खिशात आलं, घरी पोचलं, आणि घरच्या बाईने म्हटलं असेल, बघू तरी काय येतं ते. शेतात कुणी असा धोका घेत नाही, शेत पोटाचं असतं. परड्यात घेता येतो. परडं म्हणजे बाईची प्रयोगशाळा होती, आणि आहे. आमच्या एका गटात दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मुंबईच्या वहिनीने ब्रोकोली पाठवली. ती आली नाही. पण चारचौघींनी लावून पाहिली, आणि फुकटात पाहिली.

दासगाव तेव्हा बंदर होतं, हे आता नव्या मुलींना सांगावं लागतं. त्यांना दासगाव म्हणजे हायवे आणि वीर स्टेशन एवढंच माहीत. सावित्रीच्या भरतीबरोबर बाणकोटकडून गलबतं वर यायची. १७५६ साली पेशव्यांनी बाणकोट आणि त्याच्याबरोबर दासगावही इंग्रजांना तहात दिलं. म्हणजे पेशवाई बुडायच्या साठ वर्षं आधीच आपलं गाव कंपनी सरकारात होतं. जेम्स फोर्ब्स नावाच्या कंपनीच्या नोकराने आपल्या 'ओरिएंटल मेमॉयर्स' या ग्रंथात दासगावचं वर्णन केलं आहे. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे इकडे माणसं येत, आजही येतात. पण खाडी जशी माल आणते तशी खारेपणही आणते. नदीकाठच्या विहिरींचं पाणी चैत्र-वैशाखात मचूळ लागतं. त्या पाण्यावर घेवडा टिकत नाही, मिरची कोमेजते. पालक आणि बीट थोडंफार सोसतात. काठावरच्या बायका हे अनुभवाने जाणतात. वरच्या वाडीतून सून आली की तिला दोन उन्हाळे लागतात हे शिकायला.

मग पूर्वी उन्हाळ्यात खायचे काय? आमच्या गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींना विचारलं तर त्या हसतात. कडवे वाल, सुका जवळा, सुकट, बोंबील, कैरीचं सार, कोवळ्या फणसाची भाजी, शेवग्याच्या शेंगा, आठळ्या. वाल तर आपल्या रायगडाचा प्राण. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारं पीक, त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ओल्या शेंगांची पोपटी लावायची आणि उरलेले वाल वर्षभरासाठी डब्यात. म्हणजे उन्हाळ्यात पोट भरत होतं. पण ताटात हिरवं नव्हतं. रानभाज्या यायच्या त्या पहिल्या पावसानंतर. फेब्रुवारी ते जून हा हिरव्याचा दुष्काळ, आणि गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या बाईला तोच काळ कठीण. ज्यांच्या घरी पाणी होतं त्यांच्या ताटात मात्र उन्हाळ्यातही माठ होता.

इथे आपण पाण्यापाशी आलो.

दासगावातून महाडला जाताना डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. जवळपास अठराशे वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. तिथे एक शिलालेख आहे, कुमार काणभोज विष्णुपालित याचा. त्याने काय काय दान दिलं ते त्यात मोजून सांगितलं आहे. लेणं, चैत्यगृह, राहायच्या आठ खोल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची दोन टाकी. दान लिहिताना टाकी विसरली नाहीत. एवढ्या पावसाच्या मुलखातही डोंगरावर राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्याचं पाणी आधी खोदून ठेवावं लागतं, हे त्यांना माहीत होतं.

पाणी असणं ही एक गोष्ट, आणि ते घ्यायची मुभा असणं ही दुसरी. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. आपल्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, त्या वेळी पंचविशीही न गाठलेले, त्यांनी लोक जमवले. चवदार तळ्याच्या आधी दासगावात क्रॉफर्डच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणवठ्यावर लोकांनी पाणी घेतलं. मग महाडला परिषद भरली आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. परत फिरणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळं "शुद्ध" करून घेतलं गेलं, खटला दहा वर्षं चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला.

तारीख बघा, २० मार्च. होळीचे दिवस, पाणी आटायला लागण्याचे दिवस. आपण शाळेत हा धडा शिकतो तेव्हा हक्काबद्दल शिकतो, आणि ते बरोबरच आहे. मी त्यात घरकाम करणाऱ्या बाईच्या नजरेने एवढीच भर घालते: जिला प्यायचं पाणी वाढून घ्यायला कुणाच्या तरी मेहेरबानीची वाट बघत उभं राहावं लागायचं, ती दोन वेली कशाने जगवणार? कोरड्या वाड्यांत उन्हाळ्याचं परडं नव्हतं ते आळसामुळे नव्हतं. कळशी मिळत नव्हती. आजसुद्धा कुठल्या वाडीत परसबाग "होत नाही" असं कुणी अहवालात लिहिलं, तर मी आधी विचारते, तिथे नळ कुठवर आलाय? जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. तेवढं खरोखर आलं, तर न्हाणीतून आणि भांडी घासायच्या जागेवरून जे वाहून जातं, त्यावर केळ, अळू, शेवगा आणि दोन वेली सहज जगतात. साबणाचं पाणी केळीला आणि अळवाला सोडा. माठ, मेथी, कोथिंबीर कच्च्या पाल्याची आहे, तिला भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी द्या.

कमी पाण्यावर परडं करायच्या जुन्या युक्त्या पुस्तकात कमी आणि आजींकडे जास्त. वेलाच्या आळ्यात बारीक भोकाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि ते भरून वर करवंटी झाकायची, पाणी मुळाशी झिरपत राहतं. आळ्यावर पेंढ्याचा, पाचोळ्याचा जाड थर द्यायचा. दुपारी पाणी घालायचं नाही. वाफे पश्चिमेच्या उन्हापासून राखायला कडेला चवळीचा किंवा तुरीचा आडोसा. आणि वई पक्की हवी, नाहीतर गुरं आणि कोंबड्या चार दिवसांत निकाल लावतात. वानरांना वई अडवत नाही. त्यांच्यावर अजून कुठल्याच शतकात उपाय निघालेला नाही.

आता मुंबईकडे वळते, कारण आपल्या परड्याचा इतिहास मुंबईशिवाय पुरा होत नाही. महाड-पोलादपूरच्या घराघरांतला पुरुष गिरणीत, गोदीत. गावात बाई, म्हातारी माणसं, मुलं आणि महिन्याची मनीऑर्डर. १९४२ साली ब्रह्मदेश जपानने घेतला आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. कोकण आणि मुंबई त्या तांदळावर बरीचशी अवलंबून होती. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं, सरकारने "अधिक धान्य पिकवा"ची मोहीम काढली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये लोकांनी घरापुढची हिरवळ खणून बटाटे लावले होते, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसच्या आवारात भाजीचे वाफे करवले. तिकडे त्याला "विजयाची बाग" म्हणत. नाव भारदस्त आहे. काम तेच, जे आपल्या आज्या न सांगता करत होत्या.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर. हळूहळू मनीऑर्डरी थांबल्या, माणसं गावी परतली, बरीच पुन्हा त्या कामावर गेलीच नाहीत. आमच्या एका आजी सांगतात, "तेव्हा भाजीला पैसे टाकणं बंदच झालं. जे परड्यात निघेल ते." त्यांनी त्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात खड्डा खणून, त्यातलं झिरपलेलं पाणी कळशीने आणून वेली जगवल्या. उरलेली वांगी टोपलीत घालून महाडच्या बाजारात नेली. हातात आपले, स्वतःच्या वाफ्यातले पैसे त्यांना पहिल्यांदा तेव्हा आले. नवरा घरी बसलेला, आणि ही बाजार करून येते. त्या म्हणतात, "पहिल्या दिवशी मी पैसे त्यांच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी कनवटीला लावले."

मी गटांत काम करते म्हणून मला हे वाक्य मोठं वाटतं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं, नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. कनवट त्याच्या आधीपासून होती.

दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि आपल्या हवामानाला धरणारी वाणं निघाली. कारल्याचं कोकण तारा, चवळीचं कोकण सदाबहार, मिरचीचं कोकण कीर्ती, काकडीचं शीतल. ती चांगली आहेत, जरूर लावा. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला आणि थोड्या जागेत घराला पुरेल इतकं कसं पिकवायचं हे साध्या माणसांच्या हाताने करून दाखवलं. आता उमेद अभियानात पोषण परसबागा होतात, गोल वाफ्यांच्या, मधे पायवाट असलेल्या. फोटोत फार छान दिसतात. आपलं परडं उताराचं, मधे फणस, कडेला गोठा, त्यात गोल कुठून बसवायचा? नाही बसला तर चौकोनी करा, लांबट करा. माठाला आकार कळत नाही.

पण वाण आणि आकार यापेक्षा मला काळजी आहे ती बियांची. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवतेत दरडी आल्या. आपण कुणाला गमावलं ते या भागात सांगायची गरज नाही, आणि मी ते इथे सांगणारही नाही. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये तळियेवर डोंगर आला आणि महाडात पाणी भरलं. अशा वेळी घर पडलं तर भिंती मोजल्या जातात. परड्यातला वीस वर्षांचा शेवगा, वेलीचा मांडव, कुजवून कुजवून काळी केलेली माती, हे मोजणीत येत नाही. नवीन जागेवर घर मिळतं तेव्हा मागे मुरूम असतो. आणि उतरंडीतल्या गाडग्यात राखेत ठेवलेलं बी? ते एकदा चिखलात गेलं की गेलं. हायवे रुंद झाला तेव्हाही रस्त्याकडेच्या घरांचं मागचं नाही तर पुढचं अंगण आक्रसलं, आणि परडी गेली.

तरी काही बी परत आलं. २०२१ च्या नंतर एका गटातल्या ताईंना त्यांचं लांबट पांढरं पडवळ पुन्हा मिळालं ते नणंदेकडून, माणगावच्या बाजूच्या गावातून. नणंदेला ते लग्नात शिदोरीबरोबर सासूनेच दिलं होतं. मुली लग्न होऊन लांब जातात आणि बी बरोबर नेतात, ही आपली जुनी रीत या वेळी उपयोगी आली. एका घरातलं बी चार गावांत पसरलेलं असतं. बाजारातल्या संकरित पाकिटाचं तसं होत नाही. त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी आईसारखं निघत नाही, दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. शाळेत न गेलेल्या, आदिवासी शेतकरी. त्यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे गावठी वाण जमवून घरातच बियांची बँक केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवात मोठ्या शेतात झाली नाही, परसबागेत झाली. मला त्यांच्या कामातलं सगळ्यात पटतं ते हे, की त्या बी देतात आणि घेणारीने दुप्पट परत करायचं. बचत गटाचाच हिशेब आहे हा, व्याज तेवढं बियांचं.

आनंदाबद्दल मी फार बोलले नाही. तो तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात मुंबईहून नातवंडं येतात, वेलीवरची काकडी तोडून तिथेच मिठाला लावून खातात, आणि बाजारातली काकडी खाताना जे तोंड करतात ते इथे करत नाहीत. संध्याकाळी पाणी घालायची अर्ध्या तासाची वेळ असते. तेव्हा कुणी चहा मागत नाही, कुणी हाक मारत नाही, कारण तुम्ही काम करताय असं सगळ्यांना वाटतं. वईच्या पलीकडची शेजारीण त्याच वेळी तिच्या वाफ्यात असते. घाटावरच्या भोंडल्यात कारल्याच्या वेलाचं गाणं आहे, त्यात सून माहेरी जायला विचारते आणि सासू वेलाचं निमित्त काढून तिला अडकवून ठेवते. आमच्याकडे मी उलट पाहिलंय. सूनच म्हणते, "काकड्या धरल्यात, आत्ता नाही येत माहेरी."

जाता जाता बियांचं सांगते, कारण हे दिवस त्याचेच आहेत. काकडीचं आणि भोपळ्याचं बी वेलीवर पूर्ण पिकलेल्या, पिवळ्या पडलेल्या फळाचं घ्या, पहिल्या दोन-तीन चांगल्या फळांपैकी एक त्यासाठी राखा आणि त्याला दोरी बांधा म्हणजे कुणी तोडणार नाही. शेणाच्या थापीत बी दाबून ती भिंतीला लावायची जुनी पद्धत अजून चालते. वाल, चवळी चांगली वाळवून राखेत. मिरची आख्खी वाळवून चुलीवर धुराला टांगा. भेंडी, गवार, चवळी, माठ, काकडी या आठवड्यात टोकून घ्या, महाशिवरात्रीपर्यंत उशीर करू नका, नाहीतर फळ धरायच्या वेळी विहीर तळाला जाईल. कारल्याचं बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून मग लावा, त्याचं कवच जाड असतं.

पुढच्या गटबैठकीला प्रत्येकीने घरचं एक तरी बी पुडीत बांधून आणावं, पुडीवर नाव आणि गाव लिहून. लांबट पडवळाचं बी सध्या फक्त दोघींकडे आहे, त्यांनी थोडं थोडं द्यायचं कबूल केलंय. ज्या नेतील त्यांनी पावसाळ्याआधी दुप्पट आणून द्यायचं. वही माझ्याकडे आहे.